लाल दिवा, गिझरचा सॉकेट आणि कराडची रोजची ये-जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात शाहूपुरीत स्वतःचं घर, ३५ किलोवॅट-तासाच्या (म्हणजे ३५ युनिटच्या) बॅटरीची पहिलीच इलेक्ट्रिक गाडी, रोज कराडला ये-जा, महिन्यातून दोनदा पुणे. गाडीसोबतचा चार्जर गिझरच्या सॉकेटला लावला की कधी लगेच लाल दिवा लागतो, तर कधी अर्ध्या तासाने चार्जिंग थांबतं. वायरमन म्हणतो, "न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, लगेच चालेल." शिवाय ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर) घ्यावा का, असंही विचारलंय.

सगळ्यात आधी त्या जोडणीबद्दल. ती करू देऊ नका, आणि झाली असेल तर आजच काढायला लावा. चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग आहे का हे तपासतो, कारण चार्ज होताना गाडीचा सगळा पत्रा अर्थच्या तारेला जोडलेला असतो. सॉकेटमागे न्यूट्रलच (करंट परत नेणारी तार) अर्थला जोडला की चार्जर फसतो आणि हिरवा दिवा देतो. पण उद्या घरातल्या वायरिंगमध्ये, मीटरपाशी किंवा खांबावर न्यूट्रल सुटला, तर फेजचा (वीज आणणाऱ्या तारेचा) करंट परत जायला वाट शोधत त्याच तारेने गाडीच्या पत्र्यावर येतो. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला थेट शॉक. घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर अशी जोडणी केल्याबरोबर तो पडतो, आणि मग "तोही काढून टाका" असा पुढचा सल्ला मिळतो. एवढ्यावरून वायरमन बदलायची वेळ आली आहे हे समजा.

आता तुमच्या दोन तक्रारी. त्या एकाच दोषाच्या वाटल्या तरी बहुधा तशा नाहीत. प्लग लावताक्षणी लाल दिवा म्हणजे अर्थिंग नाही, कमजोर आहे, किंवा सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे आहेत. अर्ध्या तासाने थांबणं म्हणजे कुठेतरी गरम होतंय किंवा लोडवर व्होल्टेज पडतंय. मल्टिमीटर घेऊन सॉकेटवर तीन आकडे पाहा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे हवेत आणि तिसरा २-३ व्होल्टच्या आत. मग त्याच लाइनवर गिझर चालू करून पुन्हा मोजा. फेज-न्यूट्रल १० व्होल्टपेक्षा जास्त पडला तर वायर बारीक आहे किंवा मधे कुठेतरी जोड सैल आहे. न्यूट्रल-अर्थचा आकडा लोडवर ८-१० वर गेला तर न्यूट्रलचा मार्ग खराब आहे. खांबापासून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा जोड गंजलेला असणं हे जुन्या घरांत फार आढळतं, आणि तो महावितरणकडूनच करून घ्यायचा असतो.

साताऱ्यात अर्थिंगवर जरा जास्त कष्ट घ्यावे लागतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून बऱ्याच भागात दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि मग काळा खडक. मुरमात ओल टिकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात चांगली लागणारी अर्थिंग एप्रिल-मेमध्ये ढेपाळते. जुन्या पद्धतीने कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात मीठ पाइपच खात जातं आणि काही वर्षांनी वर फक्त नट-बोल्ट शाबूत दिसतो. गाडीसाठी वेगळी अर्थिंग करा: सुमारे ३ मीटर लांबीचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) मिश्रण, वर पाणी ओतता येईल असं झाकणाचं चेंबर. खडकामुळे पूर्ण खोली मिळत नसेल तर किमान ३ मीटर अंतरावर दुसरा रॉड घालून दोन्ही जोडा. अर्थ टेस्टरने मोजून ५ ओहमच्या आत आणायचं, आणि ते मोजमाप उन्हाळ्यात एकदा परत करायचं. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी पुरतं. सांगलीकडच्या काळ्या मातीत सुरुवातीला आकडा छान येतो, पण तीच माती उन्हाळ्यात भेगाळून रॉडपासून सुटते, तेव्हा पाणी तिथेही चुकत नाही.

गिझरचा सॉकेट का चालत नाही, हे नीट समजून घ्या, कारण "गिझर चालतो मग गाडी का नाही" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. गिझर वीस मिनिटं चालतो आणि थांबतो. गाडी तेवढाच करंट, साधारण १४-१५ अँपिअर, सलग चार-पाच तास ओढते. वीस मिनिटांत कोमट होणारा सैल स्क्रू चार तासांत प्लास्टिक वितळवतो. म्हणून मीटरच्या बोर्डापासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन हवी, मधे एकही जोड नको. कॉपरची ४ स्क्वेअर एमएमची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा आरसीसीबी टाइप ए घ्या. दुकानात मागितला की सहसा टाइप एसी हातात ठेवतात. गाडीच्या चार्जरमधून थोडीफार डीसी (एकाच दिशेच्या करंटची) गळती झाली तर हा टाइप एसी आंधळा होतो आणि खऱ्या शॉकच्या वेळी पडत नाही. टाइप ए आरसीसीबी गाडीपुरता वेगळाच असू द्या. घरभराच्या आरसीसीबीवर गाडी घातली की वॉशिंग मशीन, फ्रिज आणि गाडी यांची किरकोळ गळती एकत्र होऊन तो रात्री दोनला पडतो आणि सकाळी गाडी अर्धीच चार्ज झालेली सापडते.

सॉकेट नामांकित कंपनीचा १६ अँपिअरचा, वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवून, स्क्रू घट्ट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झाल्यावर एमसीबी बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. महिन्याने स्क्रू पुन्हा आवळा. तापून-थंडावून ते सैल पडतात. प्लग लावायची-काढायची शिस्तही तीच ठेवा, आधी एमसीबी बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर गाडीची लाइन त्याच्यावर चुकूनही येऊ देऊ नका.

७.२ चा वॉलबॉक्स तुम्हाला लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब करा. कराड ये-जा सुमारे १०० किलोमीटर, बेताने चालवली तर बॅटरीतून १२-१३ युनिट. चार्जिंगमधली घट धरून मीटरवर १४ च्या आसपास. ३.३ किलोवॅटने साडेचार तास. रात्री ११ ला टायमर लावला तर पहाटे साडेतीनला काम संपतं. पुण्याहून १० टक्क्यांवर परत आलात तरी नऊ तासांत ८० च्या पुढे जाते. शिवाय गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ चाच असेल तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, गाडी ३.३ च घेणार. तुमच्या मॉडेलच्या कागदावर हा आकडा आधी पाहा. पुढेमागे वॉलबॉक्स घ्यायचा विचार असेल तर आताच ६ स्क्वेअर एमएमची वायर ओढून ठेवा. फरक थोडा पडतो आणि भिंत दुसऱ्यांदा फोडावी लागत नाही. त्या वेळी ४० अँपिअरचा एमसीबी आणि वाढीव मंजूर भार (महावितरणने तुमच्या जोडणीला ठरवून दिलेले किलोवॅट) लागेल. खरं तर मंजूर भार आताही बिलावर बघा. तो २-३ किलोवॅट असेल तर गाडी, गिझर आणि पाण्याची मोटर एकत्र चालणार नाही. भार वाढवायचा अर्ज आधी करा.

बिलाबाबत बरेच जण चुकतात. जुन्या बिलाची सरासरी काढून "माझं युनिट इतक्याला पडतं" असं धरतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत. घर १३० युनिट वापरत असेल आणि गाडीची महिन्याला ३५० वाढली, तर गाडीची जवळजवळ निम्मी युनिटं ३०० च्या पुढच्या महाग टप्प्यात जातात, आणि थंडीत गिझर वाढला की काही ५०० च्याही पुढे. त्यावर वीज शुल्क वेगळं. गाडीचा खर्च काढताना सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर धरा. तरीही पेट्रोलपेक्षा बराच कमी येतो, फक्त विक्रेत्याने सांगितला तेवढा कमी नाही. यावर दोन मार्ग आहेत. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहेच, पण चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटरही मागता येतो. दुसरा मार्ग छतावरचं सोलर. ३ किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण १२ युनिट देतात, म्हणजे महिन्याला तुमच्या गाडीला लागतात तेवढीच, आणि पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. छत स्वतःचं असताना हा पर्याय मी तरी सोडणार नाही.

रोज किती टक्क्यांपर्यंत भरायची, हे बॅटरीच्या रसायनावर ठरतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर आठवड्यातून एकदा १०० पर्यंत जाऊ द्या. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे कधीच पूर्ण भरली नाही तर गाडीचा अंदाज भरकटतो आणि २० टक्के दाखवत असताना एकदम ८ वर येते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० पुरे, १०० फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. दोन्हींत रोज १० च्या खाली नेऊ नका.

महामार्गावर रेंज वेगाने ठरते, एसीने फारशी नाही. ८० ने जाताना किलोमीटरला ११०-१२० वॅट-तास खाणारी गाडी १०० ने १४०-१५० खाते. पुणे एकीकडून ११० किलोमीटर, म्हणजे ये-जा २२०; घरून १०० टक्के निघूनही हे अंगावर येणारं गणित आहे. जाताना फारसं कळत नाही, कारण पुणे साताऱ्यापेक्षा खाली आहे. परतताना कात्रजची चढण, खंबाटकीचा घाट आणि एकूणच वर येणं, त्यामुळे युनिट-दीड युनिट जास्त जातं. पुण्यात गाडी उभी असेल तिथे दोन तास जरी साधं चार्जिंग मिळालं तरी प्रश्न मिटतो. नाहीतर परतीला महामार्गावर डीसी (जलद) चार्जरवर २० मिनिटं थांबा, पण घाटाच्या अलीकडे. चार्जर एकच ठरवून निघू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची ॲप घरीच सुरू करून त्यांच्या वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा, आणि त्या जागेवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते निघण्याआधी बघा. ६० किलोवॅटच्या मशीनला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली असेल तर तुम्हाला ३० च मिळणार. ८० टक्क्यांनंतर वेग इतका घटतो की तिथे बसून राहण्यापेक्षा निघणं बरं, आणि मागच्यालाही जागा मिळते.

घाटाची भीती मात्र सोडून द्या. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा साधारण ६५० मीटर उंच. चार माणसांसह १,७०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला निव्वळ ३ युनिट ऊर्जा लागते, मोटरमधली घट धरून साडेतीन. म्हणजे नेहमीच्या वापरापेक्षा फक्त १० टक्के बॅटरी जास्त, आणि उतरताना त्यातली निम्म्याहून जास्त परत येते. जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. वर हॉटेलवर रात्रभर १०० टक्के भरून सकाळी थेट पसरणी किंवा केळघर घाट उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही. रिजेन (उतारावर मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर ८५-९० लाच थांबवा. कासहून यवतेश्वरचा उतार उतरतानाही हेच.

पावसाळ्यात गाडी ओली असताना चार्ज करायला हरकत नाही. चार्जरचा डबा आणि प्लग मात्र छपराखाली, जमिनीपासून चार फूट वर हवेत. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की एमसीबी बंद करा, आणि बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा) बसवा. चार्जरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ ची पातळी भिंतीवर कुठवर होती ते पाहून सॉकेट त्याच्या वर घ्यावा, आणि पाणी चढायला लागलं की गाडी आधी उंचावर न्यावी. पुरात बुडालेली गाडी, वरून सुकलेली दिसली तरी, सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय चार्जला लावायची नाही.

आणि गावाला पंधरा दिवस जाणार असाल तर मोठी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा. परत आल्यावर गाडी उघडतच नसेल तर दोष बहुतेक वेळा त्या मोठ्या बॅटरीचा नसतो, नेहमीच्या गाड्यांसारखीच जी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते ती उतरलेली असते. डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर लावला असेल तर ती आणखी लवकर उतरते. जाण्याआधी ते काढून ठेवा.