बेटावर जायचे आहे, पासपोर्टचे काय?

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की त्याच त्या शंका येऊ लागतात, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक कुणाच्या तरी सांगण्यावरून उपजलेल्या असतात.

प्रश्न : अंदमानला जाण्यासाठी पासपोर्ट लागतो का? (सोलापूर)

उत्तर : नाही, भारतीय नागरिकाला मतदार ओळखपत्र किंवा आधारकार्ड पुरते.

प्रश्न : मग लक्षद्वीपलाही तसेच जाता येईल ना? (रत्नागिरी)

उत्तर : पासपोर्ट लागत नाही, मात्र बाहेरून येणाऱ्यांना तेथील प्रशासनाचा प्रवेश परवाना घ्यावा लागतो. त्याची प्रशासनाकडे चौकशी केल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.

प्रश्न : मालदीवचा व्हिसा मोफत आहे असे ऐकले होते, पण एका संकेतस्थळाने ‘प्रवासी नोंदणी’साठी पैसे मागितले. (पुणे)

उत्तर : पैसे भरू नका. पासपोर्ट अनिवार्य आहे, पण पर्यटकाला 30 दिवसांचा व्हिसा तेथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो आणि प्रवासापूर्वीच्या 96 तासांत भरायचे घोषणापत्रही मोफत असते. सरकारी दिसणारे रंग वापरून फुकटच्या अर्जाचे पैसे उकळणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट आहे, म्हणून मालदीवच्या इमिग्रेशन विभागाचेच संकेतस्थळ उघडावे.

प्रश्न : जुलैमध्ये बालीला जायचे आहे. आम्हा दोघांचे पासपोर्ट 2031 पर्यंत चालतात, आठ वर्षांच्या मुलाचा ऑक्टोबरमध्ये संपतो. शेजारी म्हणतात, परत आल्यावर नवा काढा. (ठाणे)

उत्तर : शेजाऱ्यांचे ऐकाल तर सहल मुंबई विमानतळावरच संपेल. इंडोनेशियात पोहोचण्याच्या दिवसापासून पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक असावी लागते. तुमच्या मुलाच्या पासपोर्टचे तीनच महिने उरतात, आणि अशा प्रवाशाला विमान कंपनी बोर्डिंग पासच देत नाही, कारण तिकडून परत पाठवल्यास त्याला आणण्याची जबाबदारी तिच्यावर येते. आईवडील स्वतःची तारीख पाहून निर्धास्त होतात. मोठ्यांचा पासपोर्ट 10 वर्षांचा असला तरी लहान मुलांचा 5 वर्षांचाच असतो, हे बहुतेकांच्या ध्यानातच राहत नाही. तेव्हा आज प्रत्येकाच्या पासपोर्टवरील ‘समाप्तीची तारीख’ वेगवेगळी वाचा, पासपोर्ट सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावर मुलासाठी पुनर्जारीचा अर्ज भरा आणि दोघांच्या संमतीचे परिशिष्ट ‘ड’ सोबत ठेवा. नव्या पुस्तिकेचा क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे जुन्या क्रमांकावर आधीच व्हिसा काढला असल्यास तो चालेल असे गृहीत न धरता विमान कंपनी आणि इंडोनेशियाचा दूतावास या दोघांना विचारून घ्या. अपॉइंटमेंट लांबणीवर पडण्याची शक्यता दिसली, तर तत्काळ सेवेचा पर्याय मिळेल का, हे पासपोर्ट कार्यालयात विचारावे. तेथे जादा शुल्क पडते, पण वाया जाणाऱ्या तिकिटांपेक्षा ते परवडते.

प्रश्न : पावसात भिजून छायाचित्राच्या पानाचे लॅमिनेशन सुटले आहे. चिकटपट्टी लावली तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : मुळीच नाही, तो ‘खराब झालेला पासपोर्ट’ ठरतो. जसा आहे तसा पासपोर्ट सेवा केंद्रात दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने पुनर्जारीचा अर्ज करा.