इंग्रजीतला ‘विन्स’ म्हणजे दचकणंच का? शब्द आला कुठून?

नाही. दचकायला नुसता आवाज पुरतो, विन्सला कळ लागते. सुई टेकताच तोंड कसनुसं होतं, दंड आपोआप मागे जातो, ते विन्स. आपलं ‘अंग चोरणं’ त्याच्या सर्वांत जवळचं.

शब्द मूळचा घोड्यांचा. जुन्या फ्रेंचमधल्या ‘बाजूला वळणे, चुकवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो १३००च्या सुमारास इंग्रजीत आला. तेव्हा अर्थ होता घोड्यानं बेचैन होऊन लाथ झाडणं. वेदनेनं आकसण्याचा अर्थ १८व्या शतकात रुळला. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बघा: खोगिरानं सोललेल्या पाठीला गिऱ्हाइकाचा हात लागला की आधी कातडी थरथरते, कान मागे पडतात, मग दुगाणी. (मागे उभे राहू नका, अनुभव आहे.)