वर्गणीच्या आधी वही

महागाई वाढली, कारखान्यातल्या पाळ्या घटल्या की सेवाभावी संस्थांच्या दारात एकदमच दोन गोष्टी होतात. मागायला येणारे वाढतात आणि देणारे हात आखडता घेतात. सुगीच्या दिवसांत पावती न बघता पाचशेची नोट काढून देणारा माणूस अशा वेळी विचारतो, "मागच्या पैशाचं काय केलं?" त्याचं काही चुकत नाही. नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय यंदा हाच आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : आमची संस्था मेडिकलमधल्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या) रुग्णांच्या नातेवाइकांना संध्याकाळचं जेवण देते. गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटकडची माणसं असतात. गेल्या वर्षी कोषाध्यक्षांकडच्या रोख रकमेत ३ लाख ४० हजारांची तफावत निघाली. त्यांनी १ लाख भरले आणि राजीनामा दिला. बोभाटा नको म्हणून आम्ही गप्प राहिलो, पण इतवारीच्या बाजारात सगळ्यांना कळलं. देणग्या निम्म्यावर आल्या आहेत. आता लोकांना काय सांगायचं? (सचिव, सक्करदरा)

इतवारीला जे ठाऊक आहे तेच सांगायचं, फक्त खऱ्या आकड्यांनिशी आणि विश्वस्तांच्या सह्यांनिशी. तुम्ही गप्प बसलात म्हणून आकडा गप्प बसलेला नाही. बाजारात तो एव्हाना दहा लाखांवर गेला असेल.

एका पानाचं निवेदन काढा. तफावत किती, कोणत्या महिन्यांतली, कशी लक्षात आली, किती परत आले, उरलेल्या २ लाख ४० हजारांसाठी काय चाललं आहे आणि आता रोख रक्कम कोण सांभाळतं, एवढंच त्यात असावं. 'काही तांत्रिक कारणांमुळे' हे शब्द दिसले की वाचणारा कागद खाली ठेवतो. कोषाध्यक्षांना 'चोर' म्हणू नका. 'तत्कालीन कोषाध्यक्षांकडील रोख शिल्लक आणि कॅशबुक यांत इतका फरक आढळला' एवढंच लिहा. गुन्हा शाबीत करणं कोर्टाचं काम आहे आणि बदनामीचा खटला अंगावर घेण्याइतके पैसे तुमच्याकडे नाहीत.

हे निवेदन वाटण्याआधी दोन कामं उरकून घ्या. विश्वस्तांच्या सभेत ठराव करून तो इतिवृत्तात लिहा आणि ऑडिटरला सगळं लेखी कळवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे गैरव्यवहार किंवा पैशांची हानी झाली असेल, तर ते ऑडिट अहवालात यावंच लागतं. आपण होऊन सांगितलेली गोष्ट आणि ऑडिटरनं खणून काढलेली गोष्ट, यांतला फरक धर्मादाय कार्यालयातल्या कारकुनालाही कळतो. कोषाध्यक्ष विश्वस्त असतील, तर ते गेल्याचा बदल अर्ज कलम २२ खाली ९० दिवसांत द्यायचा असतो. राहिला असेल तर उशीर माफीच्या विनंतीसह आता द्या. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय विश्वस्तांचा, पण 'घरचा माणूस आहे' एवढ्या कारणावर तो लांबवू नका. पैसा तुमच्या घरचा नव्हता.

आता बाजाराकडे वळू. तुमच्याकडे किराणा ओळीतल्या ठोक व्यापाऱ्याची तांदूळ-डाळीची उधारी थकली असणार. नव्या देणग्या मागण्याआधी ती फेडा, एकदम जमत नसेल तर हप्ता ठरवून घ्या. तुमचं निवेदन वाचणारे शंभर असतील, पण त्या व्यापाऱ्याच्या गादीवर दिवसभरात बसून जाणारे आणि तुमच्याबद्दल त्याला विचारणारे त्याहून जास्त आहेत. "त्यांचे पैसे वेळेवर येतात जी," एवढं तो म्हणाला तरी तुमचं अर्धं काम झालं.

जेवण वाटता तिथं काळा फळा लावा. त्यावर रोज खडूनं लिहा : आजची पानं २००, तांदूळ २० किलो, तूरडाळ ६ किलो, तेल इतकं, गॅस इतका, आज आलेली देणगी इतकी. ज्या दिवशी देणगी आली नाही त्या दिवशी शून्य लिहा. वर्षाच्या शेवटी येणारा अहवाल शेठजी वाचत नाहीत, फळा मात्र रस्त्यानं जाणारा ऑटोवालाही वाचतो.

जुन्या देणगीदारांकडे आत्ता पैसे मागू नका. त्यांच्यातले तिघं निवडा, सर्वांत जास्त बोंबलणारा त्यात असलाच पाहिजे, आणि त्यांना महिन्यातून एकदा कॅशबुक, व्हाउचर आणि बँकेचं पासबुक पुढ्यात ठेवून दोन तास बसवा. त्यांनी काढलेल्या चुका त्यांच्याच शब्दांत फळ्याशेजारी चिकटवा. पहिले दोन-तीन महिने हे झोंबेल.

आणखी एक. रोज दोनशे पानं झेपत नसतील तर रविवार बंद ठेवा आणि आठवडाभर आधी तसं फळ्यावर लिहा. वॉर्डातून जिना उतरून, हातात स्टीलचा डबा घेऊन आलेल्या बाईला बंद शटर दिसणं, हे तफावतीइतकंच वाईट आहे. ती तुमच्याविरुद्ध तक्रार करणार नाही, म्हणून तुमच्या ते लक्षात येत नाही इतकंच.

प्रश्न : मी निवृत्त आहे, दरवर्षी एका संस्थेला १० हजार देतो. यंदा त्यांच्या कार्यकर्त्यानं स्वतःच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड दाखवला आणि 'पावती नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो' म्हणाला. संशय घेणं बरं दिसत नाही, पण... (धरमपेठ)

बरं दिसतं. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव आलं पाहिजे. माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबा आणि पैसे संस्थेच्या बँक खात्यात भरा. कार्यकर्ता प्रामाणिक असला तरी त्याच्या खात्यात आलेला पैसा त्याच्या भाजीच्या पैशात मिसळतो आणि पुढं त्यालाच तो वेगळा काढता येत नाही.

संस्थेचा नोंदणी क्रमांक पावतीवर असतो. तो धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ऑडिट अहवालाची नक्कल आधी संस्थेकडे मागा, नाही मिळाली तर धर्मादाय कार्यालयात फी भरून अर्ज करा. ताळेबंद पाहून डोकं दुखत असेल तर ऑडिटरचा तक्ता तेवढा वाचा. त्यात थेट प्रश्न असतात : सभा नियमित होतात का, इतिवृत्त ठेवलं जातं का, कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. माझ्या मते साऱ्या अहवालात सामान्य माणसाच्या कामाची पानं तीच.

करसवलतीचं म्हणाल तर, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीत रोखीनं २ हजारांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही, वस्तूरूपानं दिलेल्यावर तर नाहीच. २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरून तुम्हाला प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसती पावती पुरत नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मुळात नाहीच. मग निदान त्या प्रमाणपत्रावरून वाद घालू नका, बाकीच्यावरून घाला.

प्रश्न : मालकांचं हिंगणा एमआयडीसीतलं काम सुटलं. एका मंडळाकडून दोनदा धान्याची किट घेतली. दोन्ही वेळा किट हातात धरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मुलीच्या वर्गात तो फोटो पोहोचला. मंडळ म्हणतं, देणाऱ्यांना पुरावा दाखवावा लागतो. तिसऱ्यांदा गेले नाही. (गोळीबार चौक)

ताई, तुमचं पत्र मी मुद्दाम इथं घेतलं, कारण विश्वास म्हटला की सगळ्यांना फक्त देणारा आठवतो. तुम्ही गेला नाहीत यात तुमचं काहीच चुकलं नाही. फोटो काढून टाका असं मंडळाला स्पष्ट सांगा, आणि सांगायला सोबत हवी असेल तर वस्तीतल्या आशाताईंना किंवा बचतगटाच्या अध्यक्षांना घेऊन जा.

मंडळवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : फोटोनं काहीही सिद्ध होत नाही. एकच किट दहा हातांत देऊन दहा फोटो निघतात, आणि अशी किट मी पाहिलेली आहे. पुरावा हवा असेल तर धान्य खरेदीचं बिल, साठ्याची वही आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेलं रजिस्टर ठेवा. रजिस्टर कपाटात राहील, ऑडिटर बघेल, ग्रुपवर जाणार नाही. देणाऱ्याला फारच हौस असेल तर पोत्यांचा फोटो पाठवा. त्याउपर ज्याला रडका चेहराच बघायचा आहे त्याची देणगी गेली तर जाऊ द्या.

आणि तपासणी करणाऱ्या मंडळींत किट घेणाऱ्या घरांतल्या एक-दोन बायका घ्या. तांदळात किती कणी होती, तेलाची पिशवी अर्ध्या लिटरची होती की एका, हे त्यांच्याइतकं ऑडिटरलाही कळत नाही.

प्रश्न : संस्थेचे ८ लाख एका पतसंस्थेत मुदत ठेवीत होते, व्याज जास्त मिळत होतं. पतसंस्था आता पैसे देत नाही. अध्यक्ष म्हणतात, वार्षिक सभेत विषय काढू नका, ताळेबंदात 'मुदत ठेव' असंच राहू द्या. (विश्वस्त, महाल)

राहू देऊ नका. ८ लाख अडकले आहेत हे माहीत असून ते सुरक्षित असल्यासारखे दाखवणं, ही अडकण्यापेक्षा मोठी गोष्ट होईल आणि त्यावर तुमचीही सही असेल. वर सांगितलेल्या १९५०च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे विश्वस्त संस्थेचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो. पतसंस्था त्यात बसत नाही. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, २०२० पासून ती मर्यादा आहे. पतसंस्थेला तेही नाही.

सभेत स्वतः विषय काढा. ठेव कधी ठेवली, कोणाच्या ठरावानं, वसुलीसाठी सहकार खात्याकडे काय अर्ज केला, ते सांगा. 'लवकरच मिळतील' असं मात्र म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. नुकसानीची जबाबदारी विश्वस्तांवर येऊ शकते, त्यामुळे वकिलाचा सल्ला घ्या. माझं विचाराल तर ठरावावर सह्या करणाऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे काही रक्कम आत्ताच भरावी. कोणी आदेश देईपर्यंत थांबू नये.

प्रश्न : अध्यक्षांचा पुतण्या कोषाध्यक्ष आहे. मुलगा चांगला आहे. चालेल का? (वर्धमान नगर)

नाही. मुलगा चांगला आहे म्हणून तर नाही. काही झालं तर पहिला संशय त्याच्यावर येईल.

प्रश्न : आम्ही एका ताईंना महिना ९ हजार मानधनावर ठेवलं आहे, रुग्णांची नोंद आणि हिशेब त्या बघतात. सभेत आरडाओरडा झाला : मंदीत लोकांच्या दानातून पगार कसले देता? सेवा फुकट झाली पाहिजे. (अजनी)

फुकटच्या सेवेचा खर्च कुठं लिहिलेला नसतो, म्हणून तो दिसत नाही. ज्याला वेळ मिळेल त्यानं वही लिहायची, अशा संस्थांतच मी चार-चार महिन्यांची कोरी कॅशबुकं पाहिली आहेत. वर सक्करदऱ्याच्या पत्रात जे झालं ते अशाच कोऱ्या पानांत होतं.

पण सभेतल्या लोकांना हे पटवायचं तर मानधनाचा आकडा 'इतर खर्चा'त लपवू नका. वेगळी ओळ करा : कार्यालय व मानधन, वर्षाचे १ लाख ८ हजार. त्यासाठी पाच-सहा देणगीदार वेगळे शोधा, ज्यांना स्पष्ट सांगितलं आहे की तुमचा पैसा जेवणावर जाणार नाही, हिशेबावर जाईल. असे लोक मिळतात. बहुधा दुकानदार असतात, कारण मुनीम ठेवण्याची किंमत त्यांना ठाऊक असते. आणि ताईंचे ९ हजार रोखीनं देत असाल तर येत्या महिन्यापासून त्यांच्या बँक खात्यात जमा करा.