रोमन काळावरची रक्तबंबाळ मालिका आवडते, हे विचित्र आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘रोम’ बघताना शिरच्छेद, फटके, भोसकाभोसकी सगळं असूनही एकामागोमाग एक भाग लावावासा वाटतो, तर आपल्यातच काही बिघडलंय का? मला नाही वाटत. मलाही ती मालिका प्रचंड आवडते, आणि त्यातला रक्तपात काढून टाकला असता तर मी ती पहिल्या दोन-तीन भागांतच सोडली असती.

तिथे हिंसेचा कुणी गाजावाजा करत नाही, म्हणून ती पकड घेते. वक्ता आणि राजकारणी सिसेरो याला मारायला पुलो हा सैनिक येतो तो प्रसंग आठवा. मित्र व्होरेनसच्या कुटुंबाला घेऊन तो चक्क सहलीला निघालाय आणि वाटेत हे काम उरकायचंय. बागेतली पीच घेतली तर चालतील का, हेही तो सिसेरोलाच विचारतो. पुढे हात तोडून सिनेटच्या दाराला ठोकावे लागतील, हे तो इतक्या अदबीनं सांगतो की हसू येतं आणि मग त्या हसण्याचीच भीती वाटते. इ.स.पू. ४३ मध्ये सिसेरोला खरोखर असंच मारलं. त्याचं डोकं आणि हात त्याचा शत्रू मार्क अँटनीनं फोरममधल्या (रोमच्या मुख्य चौकातल्या) भाषणाच्या चौथऱ्यावर लावायला लावले. मारणारा अर्थात पुलो नव्हता.

पण पुलो आणि व्होरेनस ही नावं खरी आहेत, हे कळल्यावर माझी मजा दुप्पट झाली. गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या) युद्धावरच्या ज्युलियस सीझरच्या स्वतःच्या ग्रंथात, पाचव्या भागात, हे दोघे सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचे नायक, येतात. बढतीवरून दोघांत कायमची चुरस. इ.स.पू. ५४ मध्ये नर्व्ही टोळीनं छावणीला वेढा घातला असताना पुलो एकटाच तटाबाहेर धावतो आणि शत्रूंत अडकतो. व्होरेनस त्याला सोडवतो. मग व्होरेनस खड्ड्यात पडतो, तर पुलो त्याच्या मदतीला जातो. सीझर शेवटी लिहितो की दोघांत सरस कोण हे ठरवताच येईना. एवढ्याशा मजकुरावर मालिकावाल्यांनी २२ भागांचा संसार मांडलाय!

आता आखाड्याचा प्रसंग बघा. मृत्युदंड झालेला पुलो लढायलाच तयार नसतो. समोरचे ग्लॅडिएटर त्याच्या तेराव्या लीजनला, म्हणजे पलटणीला, शिव्या घालतात आणि मग मात्र तो उसळतो. अखेर दमतो, कोसळतो, तेव्हा व्होरेनस कठडा ओलांडून आत उतरतो. तटाबाहेरची तीच गोष्ट आखाड्यात नेलीय. तिथे मी दर वेळी खुर्चीच्या टोकाला येऊन बसतो. हात-पाय तुटताहेत म्हणून नव्हे, तर व्होरेनस उतरणार की नाही म्हणून. (ते ग्लॅडिएटरही बिचारे कुणाच्या तरी मालकीचेच असणार, याची आठवण मात्र मालिका फारशी करून देत नाही.)

सगळंच पचतं असं नाही. पुढे सम्राट झालेल्या ऑक्टेव्हियनची आई आटिया, तिच्या हुकमावरून तिची वैरीण सर्व्हिलिया हिचा छळ होतो ते मी पुढे ढकलतो. तिथे कथा थांबते आणि नुसतं दाखवणं उरतं. शिवाय ऑक्टेव्हियनच्या खऱ्या आईवर हा अन्यायच आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखनात तिचं नाव मुलाला उत्तम वळण लावणारी आई म्हणून येतं, आणि ती इ.स.पू. ४३ मध्येच वारली. मालिकेत ती शेवटपर्यंत कारस्थानं करत फिरते. तिची भूमिका करणाऱ्या पॉली वॉकरनं काम झकास केलंय, त्यामुळे तक्रारही धड करता येत नाही.

सीझरचा खून सिनेटच्या सभागृहात दाखवलाय. प्रत्यक्षात तो पॉम्पीच्या नाट्यगृहाला जोडलेल्या दालनात झाला. त्या जागेचे अवशेष आज रोममध्ये भर रहदारीच्या चौकात आहेत आणि तिथे मांजरांचं राज्य आहे.

दुसरा सीझन अजून बघितला नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की मालिका बंद होणार हे ठरल्यामुळे त्यात इजिप्तपर्यंतचा इतिहास घाईघाईनं कोंबलाय. फिलिपीच्या लढाईपर्यंतचे भाग सावकाश बघा. त्यानंतर वर्षं धडाधड उडतात, आणि ऑक्टेव्हियनचा नट तर त्याआधीच मधेच बदलतो, तेव्हा गोंधळू नका.