ताट वेगळं काढलं, आता काळजी मिटली का?

प्रश्न : सांगलीत मेसवर जेवणाऱ्या माझ्या दिराला कावीळ झाली. तपासणीत हिपॅटायटिस ए निघाली. डोळे पिवळे झाले, तसे आम्ही त्याला घरी आणलं. त्याला पाच दिवस झाले. सासूबाईंनी त्याचं ताट-वाटी वेगळी केली, आम्ही सॅनिटायझर वापरतो. दोन वर्षांची लेक काकाला सोडत नाही. एवढी काळजी पुरे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताट वेगळं असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. हा विषाणू शौचावाटे बाहेर पडतो आणि न धुतलेल्या हातांनी दुसऱ्याच्या पोटात जातो. सगळ्यात जास्त पडतो तो डोळे पिवळे होण्याआधीचे एक-दोन आठवडे. पिवळेपणा दिसल्यावरही आठवडाभर जपायचं, म्हणजे दीरभावजींनी तोवर स्वयंपाकघरात हात घालायचा नाही.

मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. एकदा जुलाबाचं दीड वर्षांचं बाळ आलं, डोळे पांढरेशुभ्र. आम्ही दुपटी बदलायचो, घाईत हात नळाखाली नुसते ओले करायचो आणि डबा उघडायचो. महिन्याभरात एक मावशी आणि एक सिस्टर पिवळ्या पडल्या. त्या बाळाकडूनच आलं हे सिद्ध कोण करणार? मला मात्र शंका नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना लागण झाली तरी कावीळ बहुधा दिसतच नाही. तेव्हा लेकीची शी धुतल्यावर तुमचेही हात साबणाने, वीस सेकंद चोळून. सॅनिटायझर या विषाणूपुढे कमी पडतो. संडासाची कडी, नळ, फ्लशचं बटण ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा.

लस शेवटच्या संपर्कापासून 14 दिवसांच्या आत घेतली तर उपयोगी पडते. लेकीसाठी आणि तुमच्यासाठी डॉक्टरांना आजच विचारा. लागण झाल्यावर आजार दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, तोवर कुणाची लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली तर थांबू नका.

सासूबाईंना काविळीची माळ घालायची असेल तर घालू दे, भांडू नका. पोटात पाला-मुळी मात्र नको, यकृत आधीच दमलेलं आहे. तापाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच.

आणि मेसवाल्यांना कळवलंत का? भावजींच्या पोटात हे साधारण महिन्यापूर्वी गेलं असणार. तिथल्या पाण्यातून गेलं असेल, तर बरोबर जेवणारी पोरं आजही तेच पाणी पीत असतील.