जुनी मराठी पानं उघडल्यावर गिचमिड दिसते, ती परत मराठीत कशी आणायची?

वीस वर्षांपूर्वीच्या वेबसाइटची पानं आणि अंकांच्या फाइली उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, तो मजकूर वाचवता येईल का आणि यापुढे तो कसा ठेवावा, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक मजकूर वाचवता येतो. आधी गिचमिड कोणत्या जातीची आहे ते ओळखा.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला. युनिकोडमधला, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला, मजकूर देवनागरी न सामावणाऱ्या जुन्या 'अॅन्सी' पद्धतीने सेव्ह केला की असं होतं. मग दुसरी प्रतच शोधावी लागते. माथ्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मात्र निर्धास्त राहा. युटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम एकच, तोच 'ए' होऊन दिसतो. एडिटरमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (साठवायची पद्धत) युटीएफ-८ निवडलं की मराठी समोर येते.

खरं काम तिसऱ्या जातीत आहे. १९९१ च्या पहिल्या युनिकोड आवृत्तीत देवनागरी होती, पण विंडोजवर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि मंगल फॉन्ट यावा लागला. तोवर सगळा कारभार श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांवर चालला. त्या फाइलीत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव काढा: वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत, पीडीएफमध्ये प्रॉपर्टीजमधल्या फॉन्ट्समध्ये, जुन्या वेबपानात सोर्समध्ये 'फॉन्ट फेस' शोधून. मग त्याच फॉन्टचा, मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर वापरा. 'जवळपास तसाच' फॉन्ट चालत नाही, मांडणी बदलली की निम्मी जोडाक्षरं चुकतात. पूर्ण पान एकदम चिकटवू नका. मधले खरे इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्तेही मराठी होऊन बसतात. वर्डच्या फाइंडमध्ये फॉन्टनुसार शोधून तेवढाच भाग बदला.

नंतर वेलांटी आणि रफार तपासा, कारण तिथे क्रमच उलटा आहे. जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. 'सूर्य'मधला रफार जुन्या फॉन्टात य नंतर येतो, युनिकोडमध्ये तो र म्हणून य च्या आधी.

सगळ्यात जास्त मार 'ऱ्य'ला बसतो. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर दऱ्यांचा दर्या करतात आणि आचाऱ्याला आचार्य करून ठेवतात. स्पेलचेकरला दोन्ही शब्द बरोबर वाटतात. 'र्य' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा. याला सोपा मार्ग नाही.

छापील अंकच उरला असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि मराठी येणारं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर, चालवा. त्यातलं टेसरॅक्ट मोफत आहे. नंतर मुद्रितशोधन करावंच लागतं.

यापुढचं सांगायचं तर वाचक आता तुमच्या पानावर थेट येण्याऐवजी शोधयंत्राला किंवा चॅटबॉटला विचारतो, आणि ती यंत्रं चालतात मजकुरावर. श्री-लिपीतलं पान त्यांच्या लेखी निरर्थक इंग्रजी आहे, आणि पोस्टरच्या चित्रातली मराठी सापडेलच याचा भरवसा नाही. तेव्हा मजकूर युटीएफ-८ मध्येच ठेवा आणि पानाच्या कोडमध्ये भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये मराठीचा संकेत 'एमआर' लिहा. त्यामुळे सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह २००८ साली आलं. जुन्या मजकुरात अ वर चंद्र देऊन ते लिहिलेलं असतं. दिसतं सारखंच, पण एक शोधल्यावर दुसरं सापडेलच असं नाही. सगळीकडे एकच पद्धत करून घ्या. मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये जपा. कन्व्हर्टरची चूक नंतर लक्षात आली तर पडताळायला तेवढंच हाती असतं.