गोवराची लस मुलाला द्यायची की नाही, हा आमचा खासगी प्रश्न नाही का?
कायद्याने बघाल तर बऱ्याच अंशी हो. २ मे २०२२ रोजी कोविड लशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. (सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच निकालात आहे, ते मात्र सोयीस्कर विसरलं जातं.)

पण गोवराला तुमचं-आमचं दार कळत नाही. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची लिफ्टच घ्या ना! पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तोवर चौथ्या मजल्यावरच्या सहा महिन्यांच्या तान्ह्याला आधार कुणाचा, तर तुमच्या मुलाच्या लशीचा. २०२२ च्या साथीत गोवर भिवंडीपर्यंत आला होता. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लस फुकट मिळते.